दोन जिल्हाधिकाऱ्यांपुढे एक बेरीज

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, लातूर
मा. जिल्हाधिकारी, नांदेड



मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालो. मुलगी नांदेडला दिली आहे. महिन्यातून दोनदा तरी अहमदपूर, लोहा करत तिच्याकडे जातो. दोन्ही जिल्ह्यांत मला एकच प्रश्न विचारणारी माणसं भेटतात, म्हणून हे पत्र आपणा दोघांना मिळून लिहितो आहे. प्रश्न कॅनडात कायम राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे पीआरचा, असतो: "सर, पोराचं कॅनडाचं पीआर होईल का हो? एजंट म्हणतो होऊन जाईल."

"होऊन जाईल" या दोन शब्दांवर आमच्या घरानेही तीन वर्षं काढली. ती हकीकत आधी सांगतो, मागणं नंतर.

माझी लेक भूकंपाच्या सालची. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट झाली आणि तीन आठवड्यांनी ती जन्मली. किल्लारी-सास्तूरकडून रोज बातम्या येत होत्या, आणि लातूर शहरातही लोक घरात झोपायला धजत नव्हते. बाळंतिणीला आणि तान्ह्या लेकराला आम्ही अंगणात पाल ठोकून ठेवलं होतं. पुढे ती संगणकशास्त्रात एम.एस्सी. झाली ती नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून. ते विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४चं, म्हणजे तिच्याहून वर्षभराने लहान. लग्न झालं, नोकरी लागली, एक लेकरू झालं. २०२३च्या सुरुवातीला ती आणि जावई एका एजन्सीच्या पायऱ्या चढले तेव्हा ती २९ वर्षांची होती.

तिचं वय मी मुद्दाम सांगतो आहे. कॅनडा कायम राहायला येणाऱ्यांना गुण देऊन निवडतं. त्या पद्धतीत, जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला वयाचे जास्तीत जास्त १०० गुण मिळतात, तेही विसाव्यापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंतच. तिसाव्या वाढदिवशी ते ९५ होतात. तिथून पुढे चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच गुण जातात, चाळिशीनंतर दहा-दहा, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. आपण मराठवाड्याची माणसं अनुशेष या शब्दावरच वाढलो. रस्त्यांचा अनुशेष, सिंचनाचा अनुशेष. पण तो निदान कागदावर तरी भरून निघण्याची सोय असते. वयाचा अनुशेष कोणतंही वैधानिक मंडळ भरून देत नाही. भूकंपाच्या साली जन्मलेली आपल्याकडची सगळी पिढी आज त्या उतरत्या पायरीवर आहे.

एजन्सीने सव्वा लाख रुपये दोन हप्त्यांत घेतले. "प्रोफाइल टाकली आहे, आता नंबर लागेल," असं सांगितलं. एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे या गुणांच्या पद्धतीत, प्रोफाइल टाकायला कॅनडा सरकार एक पैसाही घेत नाही, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. कॅनडा अधूनमधून फेरी घेतं आणि त्या फेरीच्या कटऑफइतके गुण असणाऱ्यांना अर्जाचं निमंत्रण देतं. खरं शुल्क ते निमंत्रण आल्यावर भरायचं असतं. २०२५ मध्ये ते प्रौढ माणसामागे १,५२५ डॉलर होतं. निमंत्रण आलं की कागदपत्रांसह अर्ज करायला ६० दिवस मिळतात. हे सगळं त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर लिहिलेलं आहे. मी गणिताचा मास्तर, आयुष्यभर पोरांना सांगत आलो की पायऱ्या दाखवा, नुसतं उत्तर लिहू नका. आणि माझ्या लेकीच्या बाबतीत मी एकाही पायरीची चौकशी केली नाही. सुटाबुटातल्या माणसाने उत्तर सांगितलं, ते मी खरं मानलं.

त्यानंतर कागद जमवणं सुरू झालं. त्यात घरं कशी दमतात ते आपल्याला ठाऊक असावं. आपल्याकडे मार्कमेमोवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यात माझ्या नावातलं एक इंग्रजी अक्षर जास्त. त्या एका अक्षराच्या दुरुस्तीला सात महिने लागले. कोणत्या कार्यालयात, ते लिहीत नाही. तिथल्या बाईंनी शेवटी मदतही केली. पण सात महिन्यांत एक वाढदिवस येऊन गेला आणि पाच गुण गेले. अनुभवाच्या पत्राचंही तसंच. आपल्याकडच्या खासगी संस्था दोन ओळींचं पत्र देतात, "यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले." तिथे मात्र कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, सगळं पत्रात लागतं. दोन ओळींच्या पत्राने पाच वर्षांची नोकरी शून्य ठरू शकते.

आणि पैसा. तिघांच्या कुटुंबाने तिथे जाऊन सुरुवातीला तग धरावी म्हणून खात्यात २३ हजार डॉलरांहून जास्त, म्हणजे चौदा लाखांच्या पुढे रक्कम दाखवावी लागते. ती उसनी चालत नाही. जमिनीची किंमतही त्यात धरत नाहीत. आमच्याकडे औसा तालुक्यात साडेतीन एकर आहे. "जमीन आहे की," असं मी एजंटला म्हणालो होतो, आणि त्याने मान डोलावली होती. त्याला नियम ठाऊक नव्हता की सांगायचा नव्हता, देव जाणे. सोयाबीनचे भाव पाहून जगणाऱ्या घरात असली रक्कम सहा महिने बँकेत पडून राहत नाही. जमीन विकायची की नाही हा निर्णय अशा वेळी घ्यावा लागतो, आणि तो कुणाच्या मान डोलावण्यावर घेतला जाऊ नये.

तिची इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा पहिल्यांदा झाली तेव्हा ऐकण्यात ८, वाचनात साडेसात, बोलण्यात ७ आणि लेखनात साडेसहा बँड आले. घरी पेढे वाटले. लेखनातल्या त्या अर्ध्या बँडची खरी किंमत आम्हाला फार उशिरा कळली. चारही भागांत ठरावीक पातळी गाठली, तर भाषेचे गुण वाढतातच, शिवाय भाषा आणि शिक्षण, भाषा आणि अनुभव अशा जोड्यांचे गुणही दुप्पट होतात. एका भागात अर्धा बँड कमी पडला की तिन्हीकडे फटका बसतो. मी नंतर वहीत मांडून पाहिलं. तिच्यासारख्या पदव्युत्तर, तीन वर्षांहून जास्त अनुभवाच्या विवाहित मुलीला त्या अर्ध्या बँडने ५७ गुणांचा तोटा होतो. वयाच्या हिशेबात म्हणजे अकरा वाढदिवस. ती अर्ध्या बँडसाठी अडली होती आणि एजन्सी तिला "छान आहे स्कोअर" म्हणत होती.

पुढच्या वर्षी तिने परीक्षा पुन्हा दिली आणि लेखनात ७ आणले. पण खरी बेरीज अजून व्हायचीच होती. ती मी गेल्या वर्षी एका रविवारी, तिच्याच नांदेडच्या घरी, ओट्याशेजारच्या टेबलावर केली. २०२३ साल, वय २९, आणि लेखनातही ७ मिळाले असते असं धरून. वयाचे १००. शिक्षणाचे १२६. इंग्रजीचे ११६. जावयाच्या शिक्षणाचे आणि इंग्रजीचे मिळून २०. जोड्यांचे १००. एकूण ४६२.

आणि त्या २०२३ सालच्या सर्वसाधारण फेऱ्यांत सर्वांत खाली आलेला कटऑफचा आकडा होता ४८१.

म्हणजे सगळं मनासारखं झालं असतं, अक्षराची चूक नसती, बँड पहिल्या फटक्यात आले असते, तरी त्या वाटेने तिचा नंबर लागणार नव्हता. २०२४च्या सुरुवातीला तर आकडा ५२०च्याही वर गेला. कॅनडाने दरवर्षी घ्यायच्या एकूण माणसांची संख्याच पुढे घटवली: २०२५ साठी आधी ५ लाख ठरले होते, ते ३ लाख ९५ हजारांवर आणले. हे पंधरा मिनिटांचं गणित होतं. बेरीज आणि एक तुलना. दहावीचा मुलगा करील असं. ते पहिल्याच दिवशी कुणी तिच्यासमोर मांडलं असतं, तर तिची तीन वर्षं वाचली असती.

साहेब, मॅडम, मला सर्वांत जास्त बोचतं ते हे. आपलं लातूर म्हणजे गुणांचं गाव. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज यांनी घडवलेल्या लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर आहे. ट्युशन एरियात चहाच्या टपरीवाल्यालासुद्धा गेल्या साली कोणत्या सरकारी मेडिकलचा कटऑफ कितीवर थांबला ते पाठ असतं. वैद्यकीय प्रवेशातलं विभागवार जागावाटपाचं ७०:३० सूत्र आपल्या पोरांवर अन्याय करतं म्हणून मराठवाड्याने वर्षानुवर्षं आवाज उठवला आणि २०२०च्या सप्टेंबरमध्ये ते रद्द झालं. तेव्हा गावोगावचे आईबाप आकडे घेऊन भांडत होते. ज्यांना एका गुणाची किंमत एवढी कळते, तीच माणसं कॅनडाच्या गुणांपुढे मुकी होतात, आणि "होऊन जाईल"वर लाखो रुपये ठेवतात. तिथलाही कटऑफ प्रत्येक फेरीनंतर जाहीर होतो, अगदी तारखेसह. फरक एवढाच की तो आपल्या चौकातल्या फळ्यावर कुणी लिहीत नाही.

गुणांच्या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही, हेही स्पष्ट लिहितो. १९६०च्या दशकाआधी कॅनडात माणूस कोणत्या देशाचा, कोणत्या वंशाचा हे पाहून दार उघडलं जायचं, आणि आपल्यासारख्यांसाठी ते जवळजवळ बंदच होतं. १९६७ मध्ये त्यांनी गुणांची पद्धत आणली: शिक्षण, वय, भाषा, हुन्नर यांचे शंभरपैकी पन्नास गुण मिळाले की प्रवेश. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड पुढे त्याच वाटेने गेले. जर्मनीनेही जून २०२४ पासून गुणांवर चालणारं संधी-कार्ड सुरू केलं. रंग पाहण्यापेक्षा गुण पाहणं हजारपट बरं. पण नियम उघडे असूनही ते वाचून दाखवणारं कुणी नसेल, तर त्या उघडेपणाचा फायदा मधल्या माणसालाच होतो.

आमच्या मधल्या माणसाने शेवटी काय केलं तेही सांगतो. २०२५च्या सुरुवातीला त्याने फोन केला की नोकरीचं पत्र, जॉब ऑफर, मिळवून देतो, त्याचे पन्नास गुण मिळतील, आठ लाख लागतील. मी औशाच्या जमिनीचा सातबारा काढून आणला होता. त्याच आठवड्यात लेक गुरुद्वाऱ्यात दर्शनाला गेली. नांदेडला कॅनडा हे फार लांबचं नाव नाही. जगभरातून शीख आले त्या २००८च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यापासून तर सरे, ब्रॅम्प्टन ही कॅनडातल्या शहरांची नावं हॉटेलवाल्यांच्या आणि रिक्षावाल्यांच्याही तोंडी आहेत. लंगरमध्ये तिच्याशेजारी सरेहून आलेले एक वयस्कर गृहस्थ बसले होते, तिकडे ट्रक चालवणारे. बोलता बोलता तिने विषय काढला. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला ठेवून एकच विचारलं: "त्याचा लायसन नंबर काय आहे?"

कॅनडाच्या कायद्याने पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार वकिलांना, नोंदणीकृत पॅरालीगलना, क्युबेकमधल्या नोटरींना आणि परवानाधारक सल्लागारांनाच आहे. २०२१ पासून या सल्लागारांची स्वतंत्र नियामक संस्था आहे आणि प्रत्येकाचं नाव व परवाना क्रमांक तिच्या उघड्या यादीत सापडतो. लंगरच्या पंगतीत बसून त्यांनी ती यादी मोबाइलवर उघडून दाखवली. आमच्या माणसाचं नाव त्यात नव्हतं. शिवाय त्यांनी सांगितलं की जॉब ऑफरचे गुण बंद होणार असल्याचं सरकारने आधीच जाहीर केलं आहे. तसंच झालं: २५ मार्च २०२५ पासून ते गुण काढून टाकले. आठ लाख देऊन आम्ही शून्य गुण विकत घेतले असते. ते पत्र खोटं निघालं असतं, तर खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी लेकीवर आली असती, एजंटवर नव्हे.

सातबारा परत कपाटात ठेवला. पण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी तो कपाटाबाहेर गेला. त्याचे वडील अजून मला भेटले की मान खाली घालतात, जणू चूक त्यांचीच होती. हे पत्र मी त्यांच्यासाठीही लिहितो आहे.

आता कुणी विचारील की बाप असून मुलीला परदेशी पाठवण्यासाठी सरकारकडे मदत कशाला मागता? प्रश्न योग्य आहे. बायको गेल्यापासून मी एकटा राहतो. लेक गेली तर नांदेडची ती गाडी माझ्यासाठी संपेल हे मला कळतं, आणि रात्री तो विचार आला की झोप लागत नाही. पण तिने जावं की राहावं हे तिने ठरवायचं आहे, खऱ्या आकड्यांवरून. गेल्या तीन वर्षांत तिने नांदेडला घर घ्यायचं टाळलं, एक चांगली बढती नाकारली, लेकराला शाळेत घालताना "एकच वर्ष इथे" म्हणाली. ४६२ आणि ४८१ हे दोन आकडे तिला आधी कळले असते, तर कदाचित तिने इथेच मुळं धरली असती. किंवा दुसरी वाट धरली असती.

कारण दुसरी वाट होती. जुलै २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी कॅनडा वेगळ्या फेऱ्या घेतं. मार्च २०२५ मधल्या अशा एका फेरीत कटऑफ ३७९ होता. फ्रेंचच्या चारही कौशल्यांत साधारण बी-टू पातळी लागते, ती सोपी नाही, पण मेहनतीने गाठता येते, आणि मेहनतीचं आपल्या पोरांना नवल नाही. परिचर्या आणि आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीही वेगळ्या फेऱ्या आहेत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत परिचारिका होणाऱ्या मुली किती आहेत ते आपण जाणता. एखाद्या प्रांताने नामांकन दिलं तर एकदम ६०० गुण मिळतात. यातलं एक अक्षर एजन्सीत कुणी उच्चारलं नाही. लेक आता पहाटे पाचला उठून, लेकरू जागं व्हायच्या आत, फ्रेंच शिकते. या ऑक्टोबरात तिला बत्तीस पूर्ण झाली. जायचं की नाही हे तिने अजून ठरवलेलं नाही, आणि मी विचारत नाही.

माझं मागणं छोटं आहे. दोन्ही जिल्ह्यांत कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, ज्याला जुनी माणसं अजून एम्प्लॉयमेंट ऑफिस म्हणतात. तिथे आठवड्यातून एक दिवस एक टेबल मांडा. समोर येणाऱ्याच्या मार्कमेमोवरून, वयावरून, बँडवरून त्याची बेरीज कागदावर करून द्यायची, शेजारी ताज्या फेरीचा कटऑफ लिहायचा आणि तो कागद त्याच्या हातात ठेवायचा. बस. कुणाची बेरीज कमी भरत असेल तर तेही स्पष्ट सांगायचं. खरं तर त्याच माणसाला या टेबलाची सर्वांत जास्त गरज आहे. शासनाला असं काम परकं नाही. २०२४ मध्ये राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार करून दहा हजार कुशल तरुण पाठवायचं ठरवलं, तेव्हा माहिती थेट जिल्ह्यापर्यंत आणली होती.

दुसरं, आपल्या शहरांत परदेशी स्थायिक होण्याचे फलक लावणाऱ्या प्रत्येकाने आपला परवाना क्रमांक फलकावर लिहावा, आणि परवाना नसेल तर तसं लिहावं, एवढं आपल्या पातळीवरून करता येईल का ते पाहावं. पंजाबने अशा व्यावसायिकांसाठी २०१२ मध्येच कायदा करून नोंदणी सक्तीची केली. आपल्याकडे कायदा व्हायला वेळ लागेल. फलकावरच्या ओळीला तेवढा लागू नये.

तिसरं, नावातल्या एका अक्षराच्या दुरुस्तीचे अर्ज. ते कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहेत हे आपण महिन्यातून एकदा विचारलंत, तरी पुष्कळ वाढदिवस वाचतील.

टेबलामागे बसायला माणूस नाही अशी अडचण सांगितली जाईल, म्हणून आधीच लिहून ठेवतो. मी येतो. बुधवारी लातूरला बसेन. महिन्यातून दोनदा नांदेडला जातोच, तेव्हा तिथे बसेन. मानधन नको. इंटरनेट असलेला एक संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीवर एक काळा फळा लागेल. खडू मी घेऊन येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक
लातूर, नोव्हेंबर २०२५